काचवालीचे हातमोजे

काचवालीला भाची घरी आणायची होती, आणि आणताना खोटं बोलायचं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एका वेळी जमणार नाहीत असं तिला सगळ्यांनी समजावून पाहिलं. भावाने समजावलं, वकिलाकडे कारकुनी करणाऱ्या शेजाऱ्याने जिन्यात गाठून फुकटात समजावलं, आणि आईने तर तोंडातून शब्दही न काढता समजावलं. काचवालीने सगळ्यांचं निमूट ऐकून घेतलं. ती निमूट ऐकते तेव्हा तिचं आधीच ठरलेलं असतं, हे तिला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा.

दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर तिचं दुकान. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे लाकडी जिना. भिंतीशी काचा उभ्या टेकवून ठेवलेल्या, मधोमध मोठं टेबल, टेबलावर जुनं कांबळं ताणून ठोकलेलं, कारण काचेला खाली मऊ लागतं. काच कापायच्या पेनाएवढ्या हत्याराला हिरा म्हणतात. नाव हिरा, टोकाला असतं पोलादाचं बारीक चाक. ते रॉकेलमध्ये बुडवायचं, पट्टी घट्ट धरायची आणि एका दमात रेघ ओढायची. चर्र असा आवाज सलग आला की काम झालं. मग काच टेबलाच्या काठाशी घेऊन दाबली की रेघेवरून सरळ तुटते. रेघ मात्र एकदाच. तिच्यावरून हिरा पुन्हा फिरवला तर काच वाटेल तिकडे फुटते. हे सगळं तिला नवऱ्याने शिकवलं होतं. तो गेल्यावर लोकांना वाटलं, बाई आता दुकान विकेल. बाईने पाटी नवी रंगवून घेतली.

नवऱ्याने आणखी एक नियम घालून दिला होता. राग आला की हिरा खाली ठेवायचा. रागाचा हात जास्त दाबतो आणि चांगली काच वाया जाते. काचवालीने हा नियम दुकानातून उचलून वर घरात नेला, तो असा.

मुलगा लहान असताना एका दुपारी त्याने भरलेलं दुधाचं पातेलं मुद्दाम, तिच्या डोळ्यांत बघत, लवंडलं. तिचा हात वर गेला. वर गेलेला हात तिने ओळखला. हा हात आपला नाही, वडिलांचा आहे, असं तिला स्वच्छ वाटलं, आणि ती तशीच जिना उतरून खाली धावली. खाली खिळ्याला मोठ्या काचा उचलायचे हातमोजे टांगलेले असत. जाड चामड्याचे, कोपरापर्यंत येणारे, वापरून वापरून लाकडासारखे ताठ झालेले. तिने ते चढवले आणि वर आली. ते घातल्यावर माणसाला चिमटासुद्धा काढता येत नाही. फटका मारायचा म्हटलं तर आधी स्वतःलाच हसू येतं. ती दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलली, आणि तो कार्टा तिच्याकडे बघून खो खो हसला.

तेव्हापासून हातमोजे हा त्या घरातला रिवाज झाला. राग आला की आधी मोजे, मग बोलणं. नवरा थट्टेने म्हणायचा, "आज कुणावर काच उचलायचीय?" मुलगा मोठा झाला, दुसऱ्या गावी नोकरीला लागला, तरी फोनवर पहिलं विचारायचा, आई, आज मोजे किती वेळा? तोंडाने काचवाली काही कमी नव्हती. तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडे जायचा, आणि तिच्या जिभेचे पट्टे बसलेली गिऱ्हाइकं अजून आहेत. हात मात्र नाही. एकदाही नाही.

आता भाचीचं. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलीच नाही कधी. शाळेत जाऊ लागून थोडीच वर्षं झाली होती. तिची आई आजारपणात गेली आणि पोर बापाकडे राहिली. बाप म्हणजे काचवालीचा धाकटा भाऊ. फ्रिज दुरुस्त करायचा. हाताचा चांगला, बोलायला गोड, चारचौघांत विनोद सांगणारा. त्याने एका सकाळी, शाळेला उशीर होतोय म्हणून, भिंगरीचा हात असा पिरगळला की तो मोडला. वर तिला तशीच शाळेत सोडली. वर्गातल्या बाईंनी सुजलेला हात पाहिला आणि बालकल्याण कचेरीत फोन लावला. भिंगरीच्या हाताला प्लास्टर घालून तिला बालगृहात ठेवलं. कचेरीने विचारलं, जवळचं कोणी सांभाळणारं आहे का. काचवाली दुसऱ्याच दिवशी दुकान बंद करून कचेरीत हजर झाली, आणि तिने अर्ज दिला. कचेरीने सांगितलं की चौकशीला घरी माणूस येईल, सगळं विचारील, मग ठरेल.

ते "सगळं" काय असेल, हे भावाला आधी कळलं, कारण त्याची चौकशी आधी झाली होती. तो दुकानात आला, टेबलाला टेकून उभा राहिला आणि बराच वेळ काचेच्या तुकड्यांशी खेळत राहिला. मग त्याने सांगितलं की ते लोक लहानपणाचं विचारतात. तुम्हाला घरी मारायचे का, असं सरळ विचारतात. त्याने नाही म्हणून सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं असं की ज्यांनी मार खाल्ला ती माणसं पुढे मारतात, ते रक्तात उतरतं. तेव्हा ताईनेही नाही म्हणावं. दोघांचं एक असलं म्हणजे झालं. नाहीतर आपलं सगळं घरच किडकं आहे असं ते लिहितील आणि पोर परक्यांकडे जाईल.

यात त्याचा सगळाच स्वार्थ होता असं नाही. पोर आत्याकडे यावी असं त्यालाही मनापासून वाटत होतं. तो पुढे एक वाक्य जास्त बोलला, तेवढंच चुकलं.

"आणि खरं सांग ताई, मार खाऊन आपलं काय बिघडलं? मी काय वाईट झालो?"

"भिंगरीच्या हाताला विचार," काचवाली म्हणाली.

तो निघून गेला. जाताना दार आपटलं, आणि काचेच्या दुकानात दार आपटल्यावर जे होतं ते झालं. भिंतीशी टेकवलेल्या सगळ्या काचा एकदम किणकिणल्या.

वडील गोदामात नोंदणीचं काम करायचे. रोज सकाळी शर्टाला स्वतः इस्त्री करायचे. रस्त्यात लोक थांबून नमस्कार करायचे, इतका टापटिपीचा माणूस. घरात ते कशाने मारायचे, केव्हा मारायचे, याला काही धरबंद नव्हता. काचवाली नऊ वर्षांची असताना शाळेत कवायतीच्या तासाला तिचा पायमोजा घसरला आणि बाईंनी पोटऱ्यांवरचे वळ पाहिले. बाईंनी वाकून पायमोजा वर ओढला आणि म्हणाल्या, "पडलीस ना? जपून खेळत जा." त्यांच्या आवाजात माया होती. त्या मायेवर पोरीने पुढची कितीतरी वर्षं काढली. बाईंनी पाहिलंय, त्यांनी कुठेतरी सांगितलं असेल, कुठेतरी लिहून ठेवलं असेल, असं तिने धरून ठेवलं.

आणि पुढे लग्न झाल्यावर अभ्यासवाले आले तेव्हा तिला खात्रीच पटली.

अभ्यासवाले म्हणजे विद्यापीठातले लोक. त्यांनी सांगितलं की अमुक वर्षांत अमुक वस्तीत लहान असलेली माणसं शोधून ती कशी जगताहेत हे आम्ही पाहतोय, दर काही वर्षांनी येत राहू. त्यांच्याकडे पत्ता माहेरचा होता, म्हणून पहिली मुलाखत माहेरच्या एकुलत्या एका खोलीत झाली. आई शेजारी मटार सोलत बसली होती. मुलाखत घेणाऱ्या पोरसवदा बाईने शिक्षण विचारलं, झोप विचारली, दुखणीखुपणी विचारली, आणि मधेच त्याच सुरात विचारलं की लहानपणी घरातल्या मोठ्या माणसाने वळ उठतील असं मारलं होतं का. आईचे हात थांबले. काचवालीने त्या थांबलेल्या हातांकडे पाहिलं आणि "नाही" म्हणाली. हात पुन्हा चालू झाले.

नंतरच्या मुलाखती तिच्या स्वतःच्या घरी झाल्या. आई तिथे नसायची. तरी दर वेळी ती "नाही"च म्हणत आली. ओढलेल्या रेघेवर पुन्हा हिरा चालवायचा नाही, हा हिशेब. शिवाय तिला वाटायचं, या लोकांना कुठे माहीत नाही? माहीत आहे म्हणून तर आले. उगाच का कोणी तीस वर्षं माझा रक्तदाब मोजेल?

भाऊ दार आपटून गेला त्याच आठवड्यात ती विद्यापीठात गेली. अभ्यास ज्यांनी सुरू केला त्या मोठ्या बाई अजून तिथेच होत्या. केस पांढरे, गुडघे गेलेले, टेबलावर चहाचा थर्मास. काचवालीने त्यांना सरळ सांगितलं की तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता, तेव्हा कचेरीला दोन ओळी लिहून द्या. मार खाल्ला तरी ही बाई तशी झाली नाही, एवढंच लिहा.

मोठ्या बाईंनी थर्मास उघडून दोन पेले भरले. त्या म्हणाल्या की अभ्यासातल्या कोणाहीबद्दल बाहेर एक अक्षर देता येत नाही. आणि दुसरं असं की काचवालीने मार खाल्ला की नाही हे त्यांना माहीतच नाही.

"माहीत कसं नाही? त्याच्यासाठीच निवडलंत ना मला?"

मग बाईंनी समजावून सांगितलं. त्या वेळच्या बाल न्यायालयात ज्या मुलांच्या मारहाणीची नोंद झाली होती, ती मुलं एका बाजूला. त्यातल्या प्रत्येकासाठी त्याच वस्तीतलं, त्याच वयाचं, कुठेही नोंद नसलेलं एक मूल दुसऱ्या बाजूला. दोघांची आयुष्यं शेजारी ठेवून पाहायची, म्हणजे माराने काय होतं आणि गरिबीने काय होतं हे वेगळं करता येतं. कोण कुठल्या बाजूचं हे मुलाखत घेणाऱ्यांना सांगत नाहीत, नाहीतर त्यांच्या नजरेत ते उतरतं. बाई स्वतःही मुद्दाम पाहत नाहीत.

काचवालीने पेला खाली ठेवला. "न्यायालयात नोंद झाली असती, तर आमच्या घरी कोणीतरी आलं असतं ना?"

"आलं असतं."

"कोणी आलं नाही."

कवायतीच्या बाईंनी कुठेही काही सांगितलं नव्हतं. पायमोजा वर ओढला होता, बस्स. तीस वर्षं हे लोक काचवालीकडे येत होते ते तिला काहीही झालं नाही म्हणून. मार खाल्लेल्यांच्या शेजारी ठेवायला, सुखाच्या घरातली म्हणून.

तिला आधी हसू आलं, आणि मग असा संताप आला की हात आपोआप मोजे शोधू लागले. मोजे दुकानात होते. तिने हात काखेत दाबून धरले आणि विचारलं की म्हणजे तुमच्या मोठ्या पुस्तकात मी सुखी पोर म्हणून बसलेय का.

"म्हणून तर आम्ही मोठेपणी सगळ्यांना विचारतो," मोठ्या बाई म्हणाल्या. "नोंद नाही म्हणजे मार नाही, असं आम्ही धरत नाही. तुम्हालाही विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"आई समोर बसली होती."

"मग ते आमचं चुकलं. दार लावून विचारायला हवं होतं. पुढे आम्ही तसंच करू लागलो."

या बाईचं एक बरं होतं, तिने चूक गोड करून सांगितली नाही. काचवालीला तशी माणसं आवडत. तिने मग तिथेच बसून विचारलं की रक्तात उतरतं हे खरं का. बाई म्हणाल्या की मार खाल्लेल्यांपैकी काही जण पुढे मारतात, इतरांपेक्षा जास्त जण मारतात, हे खरं. पण बरेचसे मारत नाहीत, हेही तितकंच खरं आणि ते कोणी छापत नाही. आणखी एक म्हणजे ज्यांचं नाव एकदा कचेरीत गेलं त्यांच्या घराकडे पुढे सगळे डोळे लावून बसतात, म्हणून तिथलं सापडतं. ज्यांचं नाव कधी गेलंच नाही त्यांच्या घरात कोण डोकावतं? या विषयावरचं छापलेलं पुस्तक मात्र बाई कचेरीला पाठवू शकत होत्या. ते कोणालाही मिळतं. त्यात काचवालीचं नाव नसणार.

"नाव मी सांगीन," काचवाली म्हणाली आणि चहा न पिता उठली.

घरी येताना तिच्या डोक्यात भावाचं म्हणणं घोळत होतं. आता तर खोटं बोलायला हातात पुरावाच आला होता. विद्यापीठाच्या हिशेबात ती सुखी पोर होती. नाही म्हण, आणि भिंगरी घरी येईल. हो म्हण, तर कदाचित येणार नाही. हे इतकं सरळ होतं. आणि तरी तिला राहून राहून वाटत होतं की आज मी नाही म्हटलं, तर मीही भिंगरीचा पायमोजा वर ओढला.

चौकशीला आलेली बाई तरुण होती, खांद्याला जड पिशवी, पायात चालून चालून झिजलेल्या चपला. काचवालीची आई आता तिच्याकडेच राहायची, ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. म्हातारीला हल्ली ऐकू कमी येई, पण जे ऐकायचं नसे तेच कमी येई. भाऊही येऊन बसला होता. त्याला बोलावलं नव्हतं. चौकशीवाल्या बाईंनी म्हातारीला आत बसायला सांगून पाहिलं, तर म्हातारीला ते ऐकू आलं नाही. काचवाली म्हणाली, "असू दे. दोघंही असू देत. मागच्या वेळी दार उघडं होतं म्हणून घोटाळा झाला. आता मुद्दाम उघडं राहू दे."

बाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी खोल्या पाहिल्या, भिंगरी कुठे झोपेल ते पाहिलं, काचेच्या दुकानात लहान मूल कसं चालेल हे विचारलं. काचवालीने सांगितलं की माझा मुलगा याच दुकानात रांगला, आणि त्याच्या अंगावर काचेचा एकच ओरखडा आहे, तोसुद्धा शाळेच्या खिडकीचा. मग बाईंनी पिशवीतून कागद काढले. भावाने मान खाली घातली. काचवाली उठली, जिना उतरून खाली गेली आणि हातमोजे घालून वर आली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"सांगते. तुम्ही विचारा."

विचारणं भाग होतं. लहानपणी घरात मारहाण होत होती का.

"हो," काचवाली म्हणाली.

भाऊ म्हणाला, "ताई."

"हो. लिहा. वडील मारायचे. हात चालवायचे, पट्ट्याने मारायचे. मला जास्त, कारण मी आडवी यायची. पाठीवर अजून खुणा आहेत, बघायच्या असतील तर बघा. शाळेला माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं. कोणी कुठे लिहिलं नाही."

मग खिडकीजवळून म्हातारीचा आवाज आला. बाहेर रस्त्याकडे बघतच ती बोलली.

"पट्टा नव्हे. इस्त्रीची वायर असायची."

काचवालीने आयुष्यात आईकडून काही मागितलं नव्हतं, आणि हे तर मागण्यासारखंही नव्हतं. ती मोजे घातलेले हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. म्हातारीला पुन्हा ऐकू कमी येऊ लागलं होतं.

भाऊ उठला आणि जिन्यापर्यंत गेला. वाटलं, जाणार हा दार आपटून. तो वरच्या पायरीवर बसला, पाठ खोलीकडे करून, आणि म्हणाला, "मी पलंगाखाली असायचो." मग मान न वळवता, "मी नाही म्हणून सांगितलं होतं तुम्हाला. ते खोडा."

चौकशीवाल्या बाईंनी लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारलाच, आणि खाली न बघता विचारला, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. ज्या घरात हे होऊन गेलं त्याच घरात पुन्हा होणार नाही याची खात्री काय.

"खात्री?" काचवाली म्हणाली. "ज्यांच्याकडे तुम्ही कधी गेलाच नाहीत त्यांची खात्री कोण देतं? त्यांनी नाही म्हणून सांगितलं की झालं. मी पण आजवर नाहीच म्हणत होते. तेव्हा विद्यापीठाच्या लेखी मी चांगल्या घरची होते. आज खरं सांगितलं तर वाईट घरची झाले होय? मार खाल्ला ही माझी चूक असल्यासारखं विचारू नका. मारलं कोणी ते आधी लिहा, मग मला विचारा की मी काय केलं."

"काय केलंत?" बाई म्हणाल्या.

काचवालीने दोन्ही हात वर करून दाखवले, आणि मोज्यांची गोष्ट सांगितली. दुधाच्या पातेल्यापासून सगळी. राग येत नाही असं ती म्हणाली नाही. येतो, चांगला कडकडून येतो, आत्तासुद्धा आलाय, म्हणून तर हे चढवले. मुलाचा फोन नंबर देते, त्याला विचारा. आणि या. केव्हाही या, न कळवता या, महिन्यातून हव्या तितक्या वेळा या. दुकान आहे, दार उघडंच असतं. पण एकदा जे विचारायचं ते विचारून घ्या आणि पोरीला तिथून बाहेर काढा, ती तिथे रात्री झोपत नाही असं मला कळलंय.

चौकशीवाल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक मोजा हातात घालून पाहिला. बोटं वाकवता येईनात, तेव्हा काढून परत दिला.

कचेरीने लगेच काही ठरवलं नाही. कचेऱ्या लगेच काही ठरवत नसतात. विद्यापीठातलं पुस्तक तिथे पोचलं होतं. मुलाला फोन गेला. त्याने म्हणे पलीकडून मोज्यांवरून इतके विनोद केले की बाईंना त्याला थांबवावं लागलं. बाई आणखी दोनदा न कळवता आल्या. एकदा काचवाली एका गिऱ्हाइकाला फैलावर घेत होती, त्याने आरशाचं माप चुकीचं आणून वर तिलाच दोष दिला होता. तिने बाईंना हाताने "थांबा" म्हणून खूण केली आणि आधी गिऱ्हाइकाचं पुरतं केलं. लपवायचं नाही म्हटल्यावर काहीच लपवायचं नाही. शेवटी भिंगरी काही महिन्यांच्या बोलीवर आत्याकडे आली. दर आठवड्याला कोणीतरी पाहून जाईल, बापाने समुपदेशकाकडे जायचं, आणि पोरीला आत्यासमोरच, दुकानात बसून भेटायचं. भावाने कटकट केली, पण गेला. पहिल्या दिवशी परत येऊन म्हणाला की तिथे नुसतं बोलायला लावतात. "मग बोल की," काचवाली म्हणाली. "फ्रिज बिघडल्यावर गिऱ्हाइकाला तासभर ऐकवतोस ना?"

मधल्या काळात तिने आणखी एक काम उरकलं. विद्यापीठात जाऊन सांगितलं की पुढच्या फेरीपर्यंत मी थांबणार नाही, माझं पुन्हा विचारा. मुलाखत घेणारा नवा होता. त्याने दार लावलं. शिक्षण, झोप, दुखणी, आणि मग तो प्रश्न, त्याच सपाट सुरात. तिने हो म्हणून सांगितलं. कशाने, हेही सांगितलं. त्याने चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलू दिली नाही. त्यांना तसंच शिकवलेलं असतं. आधीची "नाही" मात्र पुसणार नाहीत, असं तो म्हणाला. दोन्ही राहतील, तारखेसकट. राहू देत, ती म्हणाली. बिघडलेल्या रेघेवर हिरा फिरवत नाहीत, नवी काच घेतात, हे तिला आधी सुचायला हवं होतं.

भिंगरी आली तेव्हा प्लास्टर निघालं होतं. पहिले काही आठवडे तिच्या शेजारी कोणी फळीवरचा डबा काढायला हात वर केला, तरी ती डोकं खांद्यांत घाली. काचवालीने डबे खालच्या फळीवर आणून ठेवले. म्हातारी मात्र पोरीला दिवसभर जवळ बसवी आणि मटार सोलायला लावी. भिंगरी बसेल ती कसली, अर्धे मटार घरभर.

मग एका दुपारी असं झालं. एका लग्नघरातून आलेल्या मोठ्या आरशाचं काम होतं. काचवालीने कडा घासून, पुसून, लख्ख करून तो भिंतीशी उभा केला होता, आणि संध्याकाळी तो न्यायला येणार होते. ती वर चहा टाकायला गेली आणि खाली आली, तर आरशावर पाटी रंगवायच्या निळ्या तैलरंगाने माणसं काढलेली. एक म्हातारी, एक लांब हातांची बाई, एक पोर. लांब हात कोपरापर्यंत रंगवून रंगवून गडद केलेले.

काचवालीचा श्वास वर चढला. भिंगरीने तिचं तोंड पाहिलं, रंगाचा ब्रश टाकला आणि टेबलाखाली गडप झाली.

काचवालीने खिळ्याकडे हात केला. खिळा रिकामा होता. तिने टेबलावर पाहिलं, काचांमागे पाहिलं. मोजे कुठेच नव्हते, आणि आतून सगळा राग वर येत होता.

तेवढ्यात टेबलावरून खाली लोंबणारी कांबळ्याची कड हलली. एक हातमोजा बाहेर सरकला. मग दुसरा. पळता पळता पोरीने ते खिळ्यावरून ओढून नेले होते.

"आत्या," आतून आवाज आला, "आधी हे घाल. मग ओरड."

काचवालीने मोजे कोपरापर्यंत ओढून घातले आणि मग ती ओरडली. पोटभर ओरडली. रंग, आरसा, लग्नघर, संध्याकाळ, भिंगरीचा बाप, सगळ्यांना घेऊन ओरडली. रस्त्यापलीकडच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघू लागली. जिन्यावरून म्हातारीने विचारलं, काय झालं, आणि तिला कोणी उत्तर दिलं नाही.

टेबलाखाली भिंगरी तोंडावर निळा हात धरून हसत होती.